चटणीच्या दिवसांतला व्हिडिओ गेम

आमच्या सोसायटीच्या फलकावर यंदा उन्हाळा लागताच एक सूचना लागली. ‘आवारात मिरच्या भाजणे, वाळवणे व कांडणे यांस सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ खाली सही नाही, तारीख नाही, ठरावाचा उल्लेख नाही. आदेश कोणाचा, कोणत्या अधिकारात, कोणत्या सभेत संमत झाला, याचा पत्ता नाही. मी त्याच दुपारी सचिवांना पत्र लिहिले. वार्षिक चटणी करणे ही सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील घरांची जुनी वहिवाट आहे, वहिवाटीस बाधा आणणारा कोणताही निर्णय सभासदांस ऐकून घेतल्याशिवाय करता येत नाही, आणि ‘सक्त’ हा शब्द वापरण्यापूर्वी निदान सही करण्याचे धैर्य दाखवावे, असे त्यात स्वच्छ लिहिले. उत्तर आलेले नाही. येणारही नाही. आयुष्यभर पत्रे लिहिलेल्या माणसाला उत्तर न येण्याचेसुद्धा प्रकार ओळखता येतात.

पण सूचनेला कोणी भीक घातली नाही, ही समाधानाची गोष्ट. तळमजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळी कढई चढवली. तेलात मिरची पडल्याचा तो पहिला ठसका जिन्यातून वर आला, मागोमाग धने, खोबरे, लसूण. सगळ्या मजल्यांवर माणसे शिंकू लागली. मी त्या वेळी मागच्या गॅलरीत, माझ्यापेक्षा उंच अशा एका लाकडी पेटाऱ्याच्या पाठीमागे गुडघे टेकून बसलो होतो. पेटाऱ्याची पाठ आम्ही आदल्या आठवड्यात काढली होती. आणि मला क्षणभर कळेना, की हा ठसका जिन्यातून येतो आहे की पेटाऱ्यातून.

हा पेटारा म्हणजे व्हिडिओ गेमचे यंत्र. दुकानात उभे राहून खेळायचे असे, काचेमागे पिक्चर ट्यूब, पुढे उतरत्या फळीवर एक दांडा आणि दोन बटणे. माझी थोरली बहीण, आक्का, हिच्या सांगलीच्या गिरणीत ते होते. गिरणीची जागा गेल्या वर्षी विकली गेली, आतले सामान भंगारात निघाले, तेव्हा मी टेम्पो करून हे एवढे साताऱ्याला आणले. का, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. मी म्हणालो, दुरुस्त करणार आहे. त्या म्हणाल्या, “तुम्ही? तुम्हाला बल्ब बदलायला माणूस लागतो.” विधान सत्य असल्यामुळे मी त्याचा प्रतिवाद केला नाही.

माणूस मिळाला तो युनूसभाई. जुन्या टीव्हींचे मेकॅनिक, आता दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांनी पाठीची फळी उचकटली आणि आत डोकावून पाहिले. आत पीठ होते. वर्षानुवर्षे हवेतून झिरपत गेलेले, पावसाळ्यात ओलावलेले आणि उन्हाळ्यात सुकलेले, थरावर थर चढून गिलाव्यासारखे घट्ट झालेले पीठ. करड्या-पांढऱ्या थरांच्या मधून लाल रेघा. दर उन्हाळ्याची एक लाल रेघ. युनूसभाईंनी फुंकर मारली आणि मग ते आणि मी इतके शिंकलो, की शेजारच्या गॅलरीतून कोणीतरी विचारपूस केली.

“साहेब,” डोळे पुसत ते म्हणाले, “ह्यो व्हिडिओ गेम हाय का चटणीचा डबा?”

मी म्हणालो, दोन्ही.

सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत ती गिरणी होती. एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला मिरची कुटायचे डंकाप, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथे एरवी पोती ठेवत, तिथे हे यंत्र. भाऊजी ट्रक चालवत. महिन्यातले बहुतेक दिवस ते रस्त्यावर असत आणि गिरणी आक्काच चालवी. एकदा ते मुंबईहून परतले ते हे यंत्र ताडपत्रीत गुंडाळून घेऊनच. दळणाला आलेली पोरे तेवढीच गुंतून राहतील, असे त्यांचे म्हणणे. यंत्राच्या दोन्ही बाजू कोऱ्या होत्या, म्हणून गल्लीतल्या पेंटरकडून त्यावर अंतराळयान काढून घेतले. पेंटरने आयुष्यभर ट्रकच रंगवलेले. त्याने यानाला पुढे दोन दिवे काढले, मागे चिखलरोधक काढला आणि चिखलरोधकावर एक मोर काढला. तो मोर अजून आहे. युनूसभाई म्हणाले, घासून नवा रंग देऊ. मी त्यांना तोंडीच सक्त मनाई केली. यावर माझी सही आहे असे समजावे, असेही सांगितले.

चैत्र सरत आला, की त्या गल्लीत चटणीचे दिवस सुरू होत. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांना सांगणे अवघड आहे. दुपारी ऊन असे की रस्त्यावरचे डांबर चपलेला धरून ठेवी, आणि त्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन बायका भाजलेल्या मिरचीचे डबे घेऊन रांगेत उभ्या. आपली मिरची आपल्याच डब्यात पडेपर्यंत एकही बाई जागची हलायची नाही. दुसरीच्या चटणीचे चमचाभर मिसळले तरी वर्षभराची चव गेली, अशी प्रत्येकीची खात्री. डंकापाचे दणके जमिनीतून पायांत चढत. चक्कीचा पट्टा फटफटत राही. हवा लाल. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि त्या रडणाऱ्या चेहऱ्यांवर गप्पा मात्र लग्नाच्या, सुनांच्या, हसण्याखिदळण्याच्या. आणि या सगळ्या आवाजांच्या मधून, कोपऱ्यातून, त्या यंत्राची ती बारीक, किणकिणती, या जगातली नसलेली धून.

खेळ साधा होता. खाली आपले विमान, वरून रांगांनी उतरणारे किडे. दांड्याने विमान हलवायचे, बटणाने गोळी मारायची. किडे कोणत्या ग्रहावरचे, हे खेळ बनवणाऱ्याला माहीत असेल. आक्काने त्यांना पहिल्याच दिवशी सोंडे म्हटले. गव्हात होतात ते सोंडे. गिरणीवाल्या बाईचे त्यांच्याशी पिढीजात वैर.

पोरे खेळत, पण आक्का खेळू लागली की पोरे बाजूला होत. तोंडाला पंचा बांधलेला, भुवया पिठाने पांढऱ्या, कोपरापर्यंत हात लाल. दळण बारीक आले की जाड, हे ती अंगठा आणि बोट यांच्यात पीठ चोळून पाही. दांडाही ती तशीच धरी, मूठ करून नव्हे, तर दोन बोटांत, चोळून पाहिल्यासारखा. पोरे दांड्याशी कुस्ती करत. तिच्या हातात तो जेमतेम हलताना दिसे आणि विमान मात्र सोंड्यांच्या मधून पाण्यासारखे निघून जाई. रांगेतल्या बाया मान वळवून पाहू लागत. त्या बघण्यात कौतुक होते, थोडा हेवाही होता. दोन डब्यांच्या मधला तो वेळ सगळ्या गल्लीत फक्त एका बाईने स्वतःसाठी घेतला होता.

“आक्के, माझी मिरची जळतीया बघ!”

“कुटताना कुठं जळती गं? थांब, येवढं सोंडं मारू दे.”

मी त्या उन्हाळ्यात कायद्याची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत तिच्याकडेच राहिलो होतो. पोत्यावर बसून मी वर्तमानपत्र वाची आणि संपादकांना पत्रे लिही. आक्काचा खेळ माझ्यासमोर चाले आणि मी तो कानाने ऐके. आज तिच्या त्या खेळाबद्दल मी जे लिहितो आहे, ते पत्राच्या दोन वाक्यांच्या मध्ये मान वर केली तेव्हा दिसलेले आहे. अधिक काही माझ्याजवळ नाही. दुपारी वीज जाई. यंत्राला कसलीही स्मरणशक्ती नव्हती. वीज गेली, की काचेवरची सर्वांत जास्त गुणांच्या खेळाडूंची यादी पुसली जाई आणि पहिल्या ओळीतली आक्काही पुसली जाई. मी चिडून वीज कचेरीला तक्रार लिहिली, तिला वाचूनही दाखवली.

“काय लिवलंस?” ती हसत म्हणाली. “माजं सोंडं मराय राहिलं म्हणून?”

मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. आजही दिसत नाही. जिथे नोंद राहत नाही, तिथे अन्याय झाला होता हेसुद्धा पुढे सिद्ध करता येत नाही.

तक्रार आली ती त्याच दिवसांत. गल्लीतल्या काही प्रतिष्ठितांनी एका कचेरीत अर्ज दिला, की गिरणीत जुगारासारखे यंत्र बसवले आहे, त्याने मुले बिघडतात, अभ्यास बुडतो, तरी ते उचलण्याचा हुकूम व्हावा. कचेरीचे नाव लिहीत नाही. अर्जदार हयात नाहीत आणि मला आता त्यांच्याशी नव्याने भांडायचे नाही. त्या वेळी मात्र मी भांडलो. जुगारात फळ नशिबावर असते, या खेळात ते कौशल्यावर आहे, सबब हा जुगार नव्हे, हा माझा मुख्य मुद्दा. तो आजही कोणी खोडून दाखवावा. सुनावणीला आक्का इस्त्रीची साडी नेसून आली होती. मिरचीचा रंग नखांतून जात नसल्याने तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

अधिकाऱ्याने माझे म्हणणे ऐकून घेतले. ते त्याला पटत असल्याचेही दिसत होते. आणि मग, काही कारण नसताना, कागद मिटता मिटता त्याने आक्काकडे पाहून विचारले, “काय हो बाई, तुम्ही स्वतः पण खेळता की काय?”

खोलीत हशा झाला. अर्जदार हसले, शिपाई हसला. मी उभा राहून म्हणालो, “प्रश्न अप्रस्तुत आहे, याला माझी हरकत आहे...” पण माझे वाक्य लांब होते. आक्काचे आखूड होते.

“न्हाई बा,” ती म्हणाली. “मी कशाला खेळतीय? पोरं खेळत्यात.”

निकाल आमच्या बाजूने लागला. यंत्र राहिले. मी पेढे घेऊन गिरणीत गेलो तेव्हा रांग लागलेली, डंकाप चालू, आणि पोरे आक्काला ओढत होती, की आक्का चला, आज पहिला डाव तुमचा. तिने हात पुसले, यंत्रापर्यंत गेली, आणि काच फडक्याने पुसून परत आली.

मी विचारले, काय झाले?

“न्हाई म्हणून आलेय न्हवं मी? सायबाफुडं.”

मी तिला समजावले. तो प्रश्न गैरलागू होता. उत्तर शपथेवर दिलेले नव्हते. ते कामकाजात नोंदले गेल्याचेही दिसत नाही. आणि असले तरी ते त्या दिवसापुरते आहे, पुढे खेळण्यास त्याने कसलीही मनाई होत नाही. मी एकामागून एक मुद्दे मांडत गेलो. तिने शांतपणे एकीचा डबा भरला, दुसरीचा लावला.

“त्यांनी लिवलं का न्हाई, मला म्हाईत न्हाई रं. मी बोलले, येवढं म्हाईत हाय. आता ह्या दांड्याला हात लावला, की मी खोटी.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, “तू जिंकलास न्हवं? मग झालं की.”

भाऊजी परत आल्यावर त्यांनीही सांगून पाहिले. “अगं, सायेब काय बघाय येतोय का हितं?” ते म्हणाले. ती म्हणाली, “सायेब न्हाई, मी हाय की बघाय.” विषय तिथेच संपला. चटणीचे दिवस त्या वर्षी संपले, पुढल्या वर्षी पुन्हा आले. यंत्र अनेक वर्षे चालले. आक्का रोज त्याची काच पुशी, पोरांचे भांडण सोडवी, कोणाचे विमान चुकीच्या बाजूला गेले की तोंडातल्या तोंडात काही म्हणे. दांड्याला तिचा हात लागला नाही. पुढे घरोघर टीव्ही आले, टीव्हीला लावायचे खेळ आले, पोरे येईनाशी झाली आणि यंत्रावर पोती रचली गेली. भाऊजी गेले. मी साताऱ्यात न्यायालयाच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालो.

त्या नोकरीत मी मुदतीचा कायदा पाठ केला. प्रत्येक हक्काला मुदत असते, देण्याला असते, दाव्याला असते. सरकारसुद्धा काही वर्षांनी विसरायला बांधलेले असते. माणसाने स्वतःच्या तोंडून काढलेल्या शब्दाला मात्र मुदत कोणी घालून दिलेली नाही. आणि एका कारण नसलेल्या प्रश्नाला तर कोणतीच शिक्षा नाही. जगात व्हिडिओ गेम ठेवणारे इतके पुरुष असतील, त्यांतल्या एकाला तरी कोणी हसून विचारले असेल का, की काय हो, तुम्ही स्वतः पण खेळता की काय? मी आजवर मनातल्या मनात त्या अधिकाऱ्याला पुष्कळ पत्रे लिहिली आहेत. ती कोणत्याही पत्त्यावर जाऊ शकत नाहीत, म्हणून अधिकच चांगली लिहिली गेली.

यंत्र दुरुस्त करायला हा सगळा उन्हाळा गेला. पीठ आम्ही चाकूने खरवडले, मग ब्रशने झाडले. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी युनूसभाईंनी बदलल्या. आतल्या मुख्य सर्किटचे पितळी दात मी खोडरबराने घासून उजळले. एवढे एक काम मला साधते, असे त्यांनी जाहीर केले. मध्यंतरी त्यांनी सुचवले, की हे जुने सर्किट फेकून द्या, बाजारात तळहाताएवढे नवे मिळते, त्यात हजारो खेळ आहेत. मी म्हणालो, मला हजारो खेळ नकोत. पूर्वस्थिती म्हणजे पूर्वस्थिती. सुटे भाग मागवण्यासाठी मी चार शहरांत पत्रे पाठवली. युनूसभाई वैतागले. “साहेब, अर्जानं ट्यूब लागत न्हाई. व्होल्टेज लागतंय.” पण त्यांनीच कुठूनतरी एका जुन्या टीव्हीचे भाग काढून आणले.

ट्यूब बंद असतानाही काच नीट पाहिली, तर तिच्यावर सोंड्यांच्या रांगा दिसत. वर्षानुवर्षे तेच चित्र पडून ते काचेच्या आत भाजले गेले होते. युनूसभाई म्हणाले, हे जाणार नाही, ट्यूबच बदलावी लागेल. मी ती बदलू दिली नाही.

चित्र लागले त्या सकाळी ते आधी आडवे पळत होते, मग थरथरले, मग उभे राहिले. ती किणकिणती धून गॅलरीत वाजली. युनूसभाई उठून माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मी एकटा उभा राहिलो. दांड्याखालचा लहानसा स्विच टिचकन वाजे, तो वाजवत राहिलो. कोणासाठी हे सगळे, ते मी तोपर्यंत कोणाला सांगितले नव्हते.

आक्का दर वर्षी उन्हाळा सरता सरता साताऱ्याला येते, वर्षाची चटणी घेऊन. यंदा एसटीतून उतरली तेव्हा डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, चष्मा गेलेला, चाल मंदावलेली. चहा झाल्यावर मी तिला गॅलरीत नेले.

तिने आधी मोराकडे पाहिले. मग काचेकडे. “आरं, ह्येला काय सोन्याचं पाणी दिलंस काय?” म्हणाली, आणि सवयीने पदराचे टोक घेऊन काच पुसली. मी बटण दाबले. सोंडे रांगेने उतरू लागले.

मी तयारी केली होती. मी तिला सांगितले, की ज्या हुकुमाच्या कामात ते उत्तर दिले गेले तो हुकूम केव्हाच निरर्थक झाला. गिरणी राहिली नाही, तिचा परवाना राहिला नाही. ज्या यंत्राबद्दल प्रश्न होता ते त्या जागेत नाही, त्या गावात नाही, त्या जिल्ह्यातही नाही. ज्याच्यापुढे शब्द दिला तो अधिकारी आता कोणाला जाब विचारू शकत नाही. सबब तू मोकळी आहेस.

तिने पूर्ण ऐकून घेतले. एवढे माझे कोणी ऐकून घेत नाही.

“लय चांगलं बोलतोस तू,” ती म्हणाली. “पर न्हाई.”

“अगं आक्का, पण का?”

“येवढी वर्सं पाळलं, आन् आता मराय टेकल्यावर मोडू? मग ती वर्सं कशापायी गेली म्हणायची?”

तिने ज्या वर्षांत हात आवरून धरला, ती वर्षे एवढ्या एकाच अर्थावर उभी होती, आणि मी प्रेमाने का होईना, तोच अर्थ काढून घ्यायला निघालो होतो. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

“बंद कशाला करतोस? तू खेळ की.”

मी कधी खेळलो नव्हतो. तिला ते माहीत होते. मी दांडा मुठीत धरला. पहिल्याच रांगेत विमान गेले. दुसरे गेले. आक्का माझ्या खांद्यामागून पाहत होती.

“डावीकडं घे. डावीकडं! आरं, डावं कंचं त्ये तरी म्हाईत हाय का? मार की आता! कागद लिवतोयस व्हय?”

तिसरे विमान निघाले. एक सोंडा गिरक्या घेत थेट त्याच्यावर येत होता, आणि मी गोठलो होतो. तेव्हा माझ्या मनगटावर तिची बोटे आली. मूठ नव्हे, फक्त अंगठा आणि दोन बोटे, पीठ चोळून पाहिल्यासारखी. माझा हात किंचित हलला आणि विमान बाजूला झाले. पुन्हा हलला. तिच्या दुसऱ्या हाताची बोटे माझ्या बटणावरच्या बोटावर आली आणि बटण दाबले गेले. वरची रांग फुटली. मग तिच्याखालची. मी नुसता उभा होतो आणि माझ्या हातातून कोणीतरी खेळत होते.

“आक्का,” मी हळूच म्हणालो, “तू खेळतेयस.”

“मी कुठं?” काचेवरची नजर न काढता ती म्हणाली. “माजा हात कुठं लागलाय त्येला? तू खेळतोयस.”

तिचे बोट सांगे आणि माझा हात ऐके, त्यात प्रत्येक वेळी किंचित उशीर होत होता. तेवढ्या उशिरात तिला हवी असलेली जागा निघून जात होती, आणि ते तिच्या बोटांतून मला कळत होते. पोत्यावर बसून जे मी कानाने ऐकले होते, ते कसे असेल याचा अंदाज मला त्या निसटणाऱ्या जागांवरून पहिल्यांदा आला. अखेर एक सोंडा आडवा आला. तिची बोटे वेळेवर हलली. माझा हात हलला नाही.

विमान गेले. आक्काने माझे मनगट सोडले नाही.

“तुजा हात लय जड हाय रं,” ती म्हणाली. “परत लाव.”

मी परत लावला.